विलायतेहून आलेलं झाकण
आंब्याच्या पेटीतली कार्बाइडची पुडी काल ओली झाली आणि त्या लसणीसारख्या उग्र वासानं मला धारच्या एका सरदारांच्या मोटारखान्यात नेऊन उभं केलं. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि मी तिथे इंग्रजी पत्रं लिहिणारा कारकून होतो. सरदारांच्या जुन्या मोटारीच्या इंजिनाचं झाकण तडकलं, म्हणून मी विलायतेला पत्र टाकलं. उत्तर आलं, हा माल आता बनतच नाही. मग आमच्या मिस्त्रीनं महूच्या फौजी लिलावातून वेल्डिंगच्या कांड्या आणल्या, कार्बाइडचा गॅस पेटवून ती चीर सांधली आणि झाकण पुन्हा तडकू नये म्हणून दोन दिवस गरम राखेत पुरून ठेवलं. पाहुण्यांना घेऊन मोटार मांडूचा घाट एका दमात चढली. वर पोचल्यावर सरदार म्हणाले, "झाकण खास विलायतेहून मागवलं. इथल्या लोकांना कुठलं जमतंय! काय हो?" मी म्हणालो, "जी, माझ्याच पत्रानं आलं." मिस्त्री फडकं घेऊन मागेच उभा होता. पुढे मोटारखाना बंद झाला तेव्हा त्याला देवासच्या एका कारखान्यात काम मिळण्यासारखं होतं, फक्त सरदारांचा दाखला हवा होता. "भिया, झाकण मी जोडलं, बस इतना लिख दो," तो म्हणाला. सरदारांनी मजकूर सांगितला आणि मी तो सुबक इंग्रजीत उतरवला: हा मनुष्य मोटार स्वच्छ पुसतो. मिस्त्रीला इंग्रजी वाचता येत नव्हतं. त्यानं कागद कपाळाला लावला आणि म्हणाला, "भगवान तुमचं भलं करो, भिया." झालं की माझं भलं. हेडक्लार्क होऊन निवृत्त झालो.