निलंबित वांगं

कर्णिक काकूंकडे मी राहायला गेले त्या दिवशी वांगं निलंबित होतं आणि गव्हाची चौकशी चालू होती. दिल्लीच्या मयूर विहारातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये फ्रिजच्या दारावर तसा कागदच चिकटवलेला होता. काकू केंद्र सरकारच्या एका मंत्रालयातून सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांना जुना संधिवात होता, शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःच्याच सांध्यांवर उलटते तो. "आपलीच सिक्युरिटी आपल्याला मारते गं," त्या म्हणायच्या. "तिला काढून टाकता येत नाही. मग बाकीच्यांना तरी शिस्त लावायची."

मी उमरग्याची, घरातली पहिली पदवीधर. नोएडातल्या नव्या कंपनीत दिवसभर कीबोर्डवर काम करायचे. वर्षभरातच सकाळी बोटं उघडेनात. टूथपेस्टचं झाकणसुद्धा काकूंच्या स्वयंपाकघरातल्या सांडशीने फिरवायचे. डॉक्टरांनी सांगितलं, काकूंचाच आजार, आणि गोळ्या सुरू केल्या. बोटं गेली तर नोकरी गेली आणि मी परत उमरग्याला, एवढंच मला दिसत होतं. ऑफिसवाल्यांच्या चार्टर्ड बसमध्ये रडत घरी आले. काकूंनी पाणी दिलं आणि कपाटातून कोरी फाइल काढली. "रडणं नंतर. आधी फाइल उघडू."

फाइलमध्ये डाव्या बाजूला जेवण, झोप, बागेतल्या फेऱ्या. उजवीकडे सकाळी बोटं किती मिनिटांनी सुटली ते. नियम एकच, एका वेळी एकाचीच चौकशी, म्हणजे एकच पदार्थ बंद करून बघायचा. दोन आरोपी एकदम आत टाकले तर गुन्हा कुणाचा ते कसं कळणार, असं त्यांचं म्हणणं. फाइलची नाडी मात्र त्या मला बांधायला लावायच्या. त्यांची चार बोटं पार वाकलेली होती.

मी नियम मनापासून पाळणारी मुलगी. माझ्या फाइलमध्ये गव्हाची चौकशी सुरू झाली तेव्हा मला वाटलं, गोळ्याही चालू आहेत, म्हणजे दोन झाले. मी गोळ्या बंद केल्या आणि तशी नोंदही केली. नवव्या दिवशी माझ्या हातून कंगवा सुटला.

काकूंनी फाइल वाचली आणि मला समोर बसवून कारण विचारलं. मी त्यांचाच नियम त्यांना सांगितला. त्यांनी फाइल मिटली. मग दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"ही बोटं अशीच गेली. मीही दोन वर्षं गोळ्या सोडल्या होत्या. ती फाइल मी कुणाला दाखवत नाही." मग नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गोळ्या डॉक्टरांच्या खात्यातल्या. आपल्या सेक्शनला तो अधिकार नाही. कळलं?"

दुसऱ्या दिवशी त्या स्वतः मला दवाखान्यात घेऊन गेल्या. डॉक्टरांनी आधी मला झापलं, मग फाइल चाळली. झोप आणि फेऱ्या सोडू नकोस, म्हणाले; गव्हाचा काही संबंध दिसत नाही. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, हळूहळू बोटंही सुटायला लागली. गव्हाला काकूंनी सन्मानाने कामावर घेतलं आणि मला पोळ्या लाटायला बसवलं.

काही वर्षांनी काकू वारल्या तेव्हा मी दिल्लीतच होते, त्याच कामात. त्यांचं कपाट आवरताना वांग्याची फाइल हाती लागली. शेवटचा शेरा वाकड्या अक्षरात होता: 'दोष सिद्ध होत नाही. परंतु लहानपणापासून आवडत नाही. सबब निलंबन कायम.'

मी हसत हसतच फाइल मिटली आणि नाडी बांधली. गाठ पहिल्याच प्रयत्नात बसली.