पायाखालचं मीठ

बर्फ पडला की आमच्या गल्लीतली माणसं एकाएकी कायदेपंडित होतात. इंग्लंडातल्या आमच्या रीडिंग गावात बर्फ तसा क्वचितच पडतो आणि पडला तरी दोन दिवसांत त्याचा चिखल होतो. त्या वर्षी मात्र डिसेंबरात तो पडला आणि मुक्कामाला राहिला. गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लगेच वाद जुंपला, घरासमोरचा फूटपाथ साफ कोणी करायचा? एक जण म्हणाला, कौन्सिलने, म्हणजे इथल्या नगरपालिकेने. कौन्सिलची बर्फ वितळवायला मीठ टाकणारी गाडी फक्त मोठ्या रस्त्यांवर फिरते, आमच्या गल्लीत ती कधी वळलेली नाही. मग एका बाईने ठासून लिहिलं, हात लावू नका. तुम्ही साफ केलंत आणि तिथे कोणी पडलं तर जबाबदार तुम्ही. बर्फ तसाच राहू दिलात तर जबाबदार कोणीच नाही. या मेसेजला भराभर अंगठे आले. त्यातला एक माझा होता.

मला ते पटलं, कारण ते सोयीचं होतं. आमचा इथे कायम राहण्याचा अर्ज नुकताच गेला होता. पार्किंगच्या दंडाचं पत्र आलं तरी मी तो त्याच दिवशी भरून टाकत असे.

शेजारी एक आजोबा एकटे राहायचे, पंच्याऐंशीच्या पुढचे. त्यांची बायको गल्लीच्या टोकाला केअर होममध्ये होती. तिला मुलांची नावं आठवत नव्हती, पण अकरा वाजता हे येतात एवढं मात्र पक्कं ठाऊक होतं. ते आले नाहीत तर ती जेवायची नाही. हे त्यांनीच मला एकदा कुंपणावरून सांगितलं होतं, जरा अभिमानानेच. मी घरून काम करायचे, माझं टेबल खिडकीशी होतं. रोज अकराला पाच कमी असताना त्यांची टोपी खिडकीसमोरून सरकायची. बर्फातही त्यांचा खाडा नव्हता. भुसभुशीत बर्फात काठी रोवत ते सावकाश जायचे आणि यायचे.

आई तेव्हा सांगलीहून सहा महिन्यांसाठी आली होती. मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी खाली आले तेव्हा सात वाजले होते, आणि आईने सुपलीने पायऱ्यांवरचा बर्फ काढून दोन बादल्या कढत पाणी ओतलेलं होतं. पायरी, वाट, फाटकासमोरचा फूटपाथ, सगळं. दाराशी तिने लक्ष्मीची पावलंही काढली होती. साडीवर माझा जाड स्वेटर, पायात माझे मोजे, आणि चेहऱ्यावर समाधान. शेजारच्या खिडकीतून आजोबांनी तिला हात केला. तिनेही केला.

"बघ, कसं लख्ख झालं," ती म्हणाली.

अख्ख्या गल्लीत फक्त आमचं दार स्वच्छ होतं. मी फोटो काढून बहिणीला पाठवलासुद्धा. पाठवल्यावर फोनवरच तापमान दिसलं, उणे चार. या देशात नऊ हिवाळे काढलेल्या बाईला हे आधी सुचायला हवं होतं.

"आई, हे आता गोठणार. काच होईल त्याची." मी स्वयंपाकघरातून मिठाची पिशवी उचलली.

तिने माझं मनगट धरलं. "मीठ? पायाखाली?"

"इथे सगळे टाकतात. गाडीने टाकतात."

"टाकू देत. आज गुरुवार आहे. लक्ष्मीच्या वाटेवर मीठ तुडवायचं? सांडलेलं मीठ देव पापण्यांनी उचलायला लावतो, तुला लहानपणापासून सांगत आलेय."

मी मुळातच तापट, त्यातून आठच्या कॉलची तयारी बाकी होती. पिशवी ओट्यावर आपटली. "ठीक आहे. आता जे होईल ते तुझी लक्ष्मी बघून घेईल."

"असं अभद्र बोलू नये गं," आई हळूच म्हणाली. "वास्तू ऐकत असते."

दहाच्या पुढे ऊन आलं, नावापुरतंच. फाटकासमोरची फरशी चमकायला लागली. आतून आईच्या घंटेचा आवाज येत होता. साडेदहाला माझं प्रेझेंटेशन सुरू झालं, कॅमेरा चालू. मी घड्याळ बघत होते. मनात म्हणत होते, हे संपलं की जाते, निदान काचेवर टकटक करते. संपायला पंधरा मिनिटं होती, मग दहा.

टोपी दिसली. आजोबा आमच्या हद्दीशी क्षणभर थांबले. त्यांच्या बाजूला बर्फ होता, आमच्या बाजूला स्वच्छ दगड. त्यांनी बर्फातून काठी उपसली आणि निर्धास्तपणे पाऊल टाकलं. मी तोंडाने "नेक्स्ट स्लाइड, प्लीज" म्हणत होते. टोपी खिडकीतून नाहीशी झाली.

मी बाहेर धावले तोवर आई पोहोचली होती. त्यांचा एक पाय भलत्याच दिशेला वळला होता. ते ओरडत नव्हते. आईने अंगावरची शाल त्यांच्यावर घातली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. ते मनगटावरचं घड्याळ बघायची धडपड करत होते.

"तिला कोणीतरी सांगा," ते मला म्हणाले, "मला उशीर होतोय."

ॲम्ब्युलन्स आली. त्यातली मुलगी स्वतःच घसरता घसरता वाचली. तिने वाकून दगडावर हात फिरवला, मग वर बघितलं. "इथे कोणी पाणी ओतलं होतं का?"

तिच्या आवाजात आरोप नव्हता. पण मला अर्ज आठवला, ग्रुपवरचे अंगठे आठवले.

"आय डोन्ट नो," मी म्हणाले.

स्ट्रेचरवरून आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे. त्यांनी डोळे मिटून घेतले. माझी मलाच किळस आली, तरी मी शब्द मागे घेतला नाही.

गाडी गेल्यावर आईने विचारलं, "काय विचारलं तिने?"

"काही नाही."

"वॉटर म्हणाली. तेवढं कळतं मला. आणि तू काय सांगितलंस तेही कळलं."

ती आत गेली आणि मिठाची पिशवी घेऊन आली. दातांनी फोडली. दारातल्या रांगोळीवरूनच सुरुवात केली. मुठी भरभरून मीठ टाकत ती फाटकाबाहेर आली, आजोबांच्या दारापर्यंत गेली, मग वळून केअर होमच्या दिशेने निघाली. तिसऱ्या घराशी पिशवी संपली.

"आई, पुरे आता."

"पापण्यांनी उचलीन मी," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "तू फक्त चल आणि त्या बाईला सांग. मला तिची भाषा येत नाही."

आजोबा हॉस्पिटलमधून परत आले नाहीत. पण ते कळायला अजून दहा दिवस होते. त्या दुपारी त्यांची बायको केस विंचरून खिडकीशी बसली होती. समोरचं ताट तसंच होतं. ते आज येऊ शकणार नाहीत, असं मी सांगितलं. बाकी काही सांगितलं नाही. ती बराच वेळ आईच्या हातांकडे बघत राहिली. त्यांना अजून मीठ चिकटलेलं होतं.

"रस्ता निसरडा आहे का?" तिने मला विचारलं.

"नाही," मी म्हणाले. "आता नाही."