भरल्या कारखान्याचा फोटो

'जरा हसा' म्हटल्याशिवाय फोटो न काढणाऱ्या फोटोवाल्याला सगळं शहर 'जराहसा' म्हणायचं. बसस्टॉपसमोर त्याचा एका खोलीचा स्टुडिओ. मागे निळा पडदा, पुढे स्टूल. पासपोर्टचा फोटो असला तरी हा गिऱ्हाइकाचे केस विंचरणार, कॉलर सरळ करणार, वर स्वतःचा कोट चढवणार. कफल्लक माणूस आत शिरला तरी फोटोत मॅनेजर दिसायचा. हौस हो, दुसरं काय! त्या हौसेनंच घात केला.

त्याची बायको दप्तरं शिवायच्या कारखान्यात होती. कारखाना कसला, नगरपालिकेची भाड्याची शेड. एके काळी तिथं मशिनींच्या आवाजात ओरडून बोलावं लागे. आता निम्म्या मशिनींवर चादरी टाकलेल्या, आणि मालकीणबाई काळजीनं निम्म्या झालेल्या. नगरपालिका दरवर्षी सभा घ्यायची. येत्या वर्षात शहराचा धंदा कसा वाढणार ते सांगायची आणि अडचणीतल्या एका कारखान्याचं वर्षभराचं भाडं माफ करायची. यंदा ते आपलं माफ व्हावं म्हणून बाईंनी अर्ज दिला होता. झालं तर कारखाना तगणार, नाही तर कुलूप. आणि सभेत दाखवायचे फोटो काढायचं काम आलं जराहसाकडे.

"अहो, आमचा जरा बरा काढा हं," बायको म्हणाली.

मग काय, गडी पेटला. चादरी काढल्या, मशिनी पुसल्या. रिकाम्या जागी शेजारणी बसवल्या. त्यातल्या एका वहिनींना तर सुईत दोरा ओवता येत नव्हता, त्यांनाही बसवलं. न खपलेली दप्तरं गोदामातून ओढून आणली आणि दाराशी छताएवढी थप्पी लावली. आता सांगा, मदत मागायला जाताना कुणी अंगभर दागिने घालून जातं का? पण हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. सगळ्या आपल्या केस नीट करण्यात दंग.

सभेत विकास अधिकाऱ्यांनी तो फोटो पडद्यावर भला मोठा लावला. "याला म्हणतात शहराचं भविष्य," ते म्हणाले. टाळ्या पडल्या. जराहसाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं बायकोकडे पाहिलं, तीही खुशीत होती.

"असे कारखाने स्वतःच्या पायावर उभे आहेत. त्यांना मदतीची गरज नाही," अधिकारी पुढे म्हणाले आणि भाडेमाफी बर्फाच्या कारखान्याला देऊन मोकळे झाले.

मालकीणबाई उठल्या. "साहेब, आमच्याकडे काम नाही हो. तो माल खपलेला नाही, पडून आहे."

"बाई, सगळ्यांना डोळ्यांनी दिसतंय की," साहेब हसले. सभाही हसली.

जराहसा उभा राहिला. "साहेब, ते मी मांडलं होतं. निम्म्या बायका शेजारच्या आहेत."

"म्हणजे कारखान्यानं नगरपालिकेची फसवणूक केली, असं लिहून घेऊ?"

मालकीणबाईंनीच त्याचा सदरा ओढला. "बसा खाली, भाऊ. आहे तेवढं पुरे."

घरी जाताना रस्ताभर तो स्वतःला शिव्या घालत होता. बायकोनं भांडायला हवं होतं, निदान त्याला बरं वाटलं असतं.

कारखाना बंद झाला. बाईंनी मशिनी भंगारवाल्याला दिल्या. बायकोनं चार ठिकाणी काम विचारलं. सगळीकडे तेच, पुढच्या वर्षी बघू. त्यात बर्फाच्या कारखान्यात नव्या मशिनीचं उद्घाटन निघालं आणि साहेबांनी मुद्दाम माणूस पाठवला. मागचा फोटो फार आवडला होता, हेही काम जराहसानंच करावं.

"मी नाही काढणार. त्यांच्या तोंडावर सांगतो जाऊन," तो म्हणाला.

बायको भाजी चिरत होती. तिनं मान वर केली नाही.

"माझा पगार बंद झालाय," ती म्हणाली. "जा. आणि चांगले काढा."

तो गेला. चांगले काढले.