विल्फ आणि एका शेपटीचे शब्द

विल्फ बूथरॉइड सत्तावन्न वर्षांचा झाला तोवर त्याला वाचता येत नाही हे साऱ्या स्लेथवुडमध्ये एकाच माणसाला माहीत होतं. ती त्याची बायको, एडना. बाकी आम्ही सगळे बावळट. मी तर लीड्सच्या कॉलेजातून शिकून येऊन गावच्या शाळेत पंधरा वर्षं पोरांना अक्षरं गिरवायला लावत होते, आणि दोन गल्ल्या पलीकडे हा माणूस राहत होता.

पण कळणार कसं? लोकरीच्या गिरणीत तो रंगखात्यात होता. तिथे आकडे लागतात, ते त्याला पाठ. चष्मा तो कायम घरी विसरायचा. आणि मुख्य म्हणजे तो नवव्या वर्षापासून गावच्या पितळी बँडमध्ये युफोनियम वाजवत होता. युफोनियम म्हणजे मांडीवर दोन वर्षांचं पोर घ्यावं तसं घेऊन वाजवायचं जाडजूड प्रकरण. समोर ठेवलेलं नवं कोरं संगीत तो पहिल्या फटक्यात न अडखळता वाजवायचा. असा माणूस वाचत नाही असं कोणाच्या डोक्यात येईल? सहाव्या वर्षी तापाने दोन वर्षं अंथरुणात गेली, शाळेत परतला तेव्हा मास्तरांनी मागच्या बाकावर बसवलं आणि विसरले. बँडमास्तर विसरला नाही, एवढाच फरक.

आमच्या बँडची एक रीत आहे. नोव्हेंबरात, युद्धस्मारकाजवळ वाजवून झालं की सगळा गाव बँडखोलीत जमतो. मांसाचं सारण भरून भाजलेली पाई आणि उकडलेले वाटाणे असतात, आणि त्याआधी हजेरी. बँडमध्ये असताना जे जे गेले त्यांची नावं एका वहीत आहेत. सर्वांत जुना वादक ती वाचतो, आणि प्रत्येक नावाला, त्या माणसाच्या जागेवर आज जो बसतो तो म्हणतो, ‘हजर’. एवढंच. पण बाहेरगावी गेलेली पोरंही त्यासाठी परत येतात.

विल्फ सहा वर्षं ती नावं ‘वाचत’ होता. लहानपणापासून ऐकून ऐकून त्याला सगळी तोंडपाठ होती. वर्षाला एखादं नाव वाढायचं, तेही नियमाने: माणूस जाऊन पुरतं वर्ष झाल्याशिवाय नाव वहीत चढत नाही. विल्फ मनात हिशेब ठेवायचा आणि पानाकडे बघत म्हणून टाकायचा.

चौऱ्याहत्तरच्या जानेवारीत नॉर्मन सायक्स गेला. मुख्य कॉर्नेट, म्हणजे छोटी तुतारी, वाजवणारा. त्याच्या खुर्चीवर त्याची मुलगी ग्लेनिस बसायला लागली, एकोणीस वर्षांची, बापासारखीच ताठ. नॉर्मन आणि विल्फ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण असं की नॉर्मनने भर सभेत विल्फचं नाव बँडचा सचिव म्हणून सुचवलं होतं, आणि विल्फ उभा राहून ‘मला नको’ म्हणाला आणि खाली बसला. कारण दिलं नाही. सचिवाला पत्रं लिहावी लागतात, हे कारण तो देणार कसं? नॉर्मनला वाटलं, माझं सुचवणं याने थुंकून टाकलं.

ग्लेनिससाठी कमिटीने त्या वर्षी नियम वाकवला. वर्ष पुरं झालं नसलं तरी नॉर्मनचं नाव वहीत चढवून वाचायचं ठरलं. सचिव पर्सी हेगने तशी नोटीस फळ्यावर लावली. तीन आठवडे ती तिथे होती, विल्फच्या टोपीच्या खुंटीशेजारी.

हजेरीच्या दिवशी विल्फने शेवटचं नाव म्हटलं, आणि वही मिटली. ग्लेनिस तोंड उघडून बसली होती. ‘हजर’ म्हणायला घेतलेला श्वास तिने तसाच ठेवला. मी समोरच होते. तो श्वास कुठे गेला मला माहीत नाही, पण वाटाणे कोणाच्या घशाखाली उतरले नाहीत.

“मेल्यावरही सोडलं नाहीस होय त्याला,” पर्सी म्हणाला.

विल्फ म्हणाला, “चुकलं माझं.”

“चुकलं कसं? वही डोळ्यांसमोर होती की.”

विल्फकडे खरं उत्तर एकच होतं, आणि ते दिलं तर विसरलेल्या चष्म्याचं पन्नास वर्षांचं सोंग गळून पडलं असतं. न दिलं तर तो एका पोरीच्या बापाचं नाव खाणारा माणूस ठरत होता. तो तालमीला यायचा, वाजवायचा, जायचा. त्याच्या बाजूची खुर्ची लोक जरा लांब ओढून बसायला लागले.

फेब्रुवारीत एडना माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. कोट काढला नाही. “बाई, त्याला वाचता येत नाही. हे तुमच्याशी बोलले असं त्याला कळलं तर तो घर सोडेल. पण हे असंच चाललं तर मी सोडेन.”

मी म्हटलं, “पाठवा मंगळवारी. चार वाजता.”

तो आला तो मागच्या गल्लीने, हातात युफोनियमची पेटी. लोकांना सांगायचं काय, तर बाई वाजवायला शिकतायत. त्यामुळे दर मंगळवारी पहिली पाच मिनिटं मला खरोखरच फुंकावं लागायचं. शेजारच्या म्हातारीने मला एकदा विचारलं, गाय आजारी आहे का.

“मला एकच नाव वाचायला शिकवा,” तो बसल्याबसल्या म्हणाला. “नॉर्मन सायक्स. येत्या नोव्हेंबरात ते वहीतून वाचायचंय. बास.”

“एक नाव पोपटही वाचेल. शिकायचं तर नीट शिका, नाहीतर पेटी उचला.”

मी तेव्हाही अशीच होते. त्याने पेटी उचलली नाही.

लहान मुलांची पुस्तकं काढली असती तर तो मेला असता. मी त्याला शब्द शेपटीकडून दिले. इंग्रजीत शब्दांच्या शेपट्या सारख्या असतात, तोंड बदललं की अर्थ बदलतो. लाइट, नाइट, फाइट, टाइट: उजेड, रात्र, मारामारी, घट्ट. मी शेपटी कागदावर एकदाच लिहायची आणि पुढे अक्षरं सरकवायची. तो बघत राहिला.

“म्हणजे सम तीच. उठाव वेगळा.”

“तसंच.”

“मग हे मला पन्नास वर्षांपूर्वी का नाही कोणी सांगितलं?” तो रागावला होता, आणि बरोबरच होतं.

त्या दिवसापासून तो एका शेपटीच्या शब्दांना घराणं म्हणायला लागला. बेलचं घराणं: बेल, सेल, टेल, स्मेल, म्हणजे घंटा, विकणं, सांगणं, वास. प्रत्येक शब्दाचा अर्थ त्याने स्वतःचा द्यायचा, हा माझा नियम. नाहीतर नुसतं वाजवून मोकळा व्हायचा. मे महिन्यात आम्ही ‘नेम’ला आलो, म्हणजे नावाला. सेम, गेम, टेम, लेम, ब्लेम, शेम: तेच, खेळ, माणसाळलेलं, लंगडं, दोष, लाज.

“टेम?”

“माझी कबुतरं.”

“लेम?”

“आमचा ढोलवाला. लंगडा तो तालात आहे, पायात नाही.”

“ब्लेम?”

“जो गप्प बसतो त्याच्या डोक्यावर येऊन पडतं ते.”

शेम मी विचारला नाही. मीही माणूसच आहे.

काही शब्द शेपटी तीच ठेवून भलताच सूर लावतात. होम आणि कम लिहायला एका शेपटीचे, बोलायला नाहीत. विल्फ म्हणाला, “असा माणूस बँडमध्ये असता तर हाकलला असता.” पण चिकटून राहिला. उन्हाळाभर दुकानांच्या पाट्या वाचत फिरला, एडनाच्या कोपराला धरून, कुजबुजत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या मंगळवारी तो आला आणि पेटी न उघडताच बसला.

“बाई, मी नोटीस वाचली. फळ्यावरची. आपला आपण.”

मी टाळी वाजवायला हात उचलले. त्याचा चेहरा पाहून खाली घेतले.

“काय आहे नोटिशीत?”

“यंदा नावं पर्सी हेग वाचतील. वेळ तीच.” त्याने बोटांवर मोजलं. “दोन शब्द नेमच्या घराण्यातले होते. नावं, आणि तीच. ते लगेच आले.”

आठ महिने शिकून माणसाने जन्मात पहिली एकट्याने वाचलेली गोष्ट ही. मला पर्सीला जाऊन दोन लगावाव्याशा वाटल्या.

“आता सांगून टाका,” मी म्हटलं. “सांगा की तेव्हा येत नव्हतं.”

“आता? वर्षानंतर? म्हणतील, सबब शोधायला बूथरॉइडला वर्ष लागलं. आणि वाचता येत नव्हतं म्हणणारा आता वाचतोय, हे कोण खरं मानेल?” तो उठला. “न येताना अडकलो होतो. आता येतंय तर जास्तच.”

मी त्याला पाच मिनिटं वाजवायला लावलं. शेजारीण खूश झाली असावी, बाईंची प्रगती म्हणून.

नोव्हेंबरचा तो रविवार. बँड स्मारकावरून ओला होऊन परतला, बँडखोलीत पाईचा वास, खिडक्यांवर वाफ. पर्सी वही घेऊन उभा राहिला. विल्फ आपल्या खुर्चीवरून उठला, फळ्याकडे गेला आणि ती नोटीस टाचणीसकट काढली.

“काय चाललंय हे?” पर्सी म्हणाला.

विल्फ सरळ ग्लेनिसपुढे जाऊन थांबला. तिने मान वळवली. त्याने कागद तिच्या संगीताच्या स्टँडवर ठेवला, पहिल्या शब्दाखाली बोट धरलं आणि मोठ्याने वाचायला लागला. सहा वर्षांचं पोर वाचतं तसं. एका शब्दापाशी थांबून ओठ हलवायचा, मागे जायचा, पुन्हा धरायचा. ‘वाचतील’ला तो दोनदा आपटला. याच माणसाला आम्ही कठीणातलं कठीण संगीत पहिल्या झटक्यात वाजवताना ऐकलं होतं. हे सोंग नाही हे कळायला कोणाला कॉलेजात जावं लागलं नाही.

“अरे विल्फ, तुला काय...” पर्सी पुढे आला.

“पर्सीकाका, वाचू द्या त्यांना,” ग्लेनिस म्हणाली.

त्याने शेवटपर्यंत वाचलं. मग म्हणाला, “गेल्या वर्षी मला एवढंही येत नव्हतं.”

ग्लेनिस कागदाकडे बघत राहिली. “फळ्यावरचं ते... तीन आठवडे...”

“हो.”

“आणि सचिवपदाचं?”

“तेही.”

“बाबांना माहीत होतं, विल्फकाका?”

“नाही.”

“अकरा वर्षं,” ती म्हणाली. रागाने की कशाने, मला आजही सांगता यायचं नाही. “एक शब्द बोलला असतात तर.”

“तोच तर येत नव्हता, पोरी.”

पर्सीने वही त्याच्यापुढे केली. विल्फने हात मागे घेतले. “पुष्कळ नावं आहेत. मी वाचली तर वाटाणे उद्या खावे लागतील.” मग पर्सीनेच वाचली. नॉर्मन सायक्सच्या नावाला ग्लेनिस ‘हजर’ म्हणाली, इतक्या मोठ्याने की कपबशा वाजल्या.

इथे थांबवलं तर गोड होईल, पण मला गोड आवडत नाही. त्या रविवारनंतर अख्खा गाव विल्फशी चांगला वागायला लागला, आणि ते भयंकर होतं. गिरणीच्या फाटकावरची सूचना कोणीतरी धावत येऊन त्याला वाचून दाखवायचं. पबमध्ये दरफलक. बसच्या कपाळावरचं गावाचं नाव. सावकाश, मोठ्याने, जणू तो बहिराही आहे. दुष्ट म्हणून वर्षभर एकटा टाकलेला माणूस आता बिचारा म्हणून गर्दीत कोंडला गेला.

पुढच्या मंगळवारी चार वाजता दार वाजलं. तो पुढच्या दाराने आला होता, भर रस्त्याने, आणि हातात पेटी नव्हती.

“आज पर्सीने मला वाटाण्याच्या डब्यावरचं लेबल वाचून दाखवलं, बाई. वर चित्र होतं वाटाण्याचं.”

“मग?”

“मग काय.” त्याने खुर्ची ओढली आणि खिशातून चष्मा काढला. घरी विसरला नव्हता. “पुढचं घराणं काढा.”