हिरवं अंजीर
अंजिराचं पान खुडलं की पांढरा चीक बोटांना लागतो, आणि त्या दुधाळ वासासरशी मी ब्याऐंशी सालातल्या, मूल गावाजवळच्या सासरच्या परसात पोचते. नवी सून होते. सासऱ्यांसमोर डोक्यावर पदर आणि तोंड बंद. न्हाणीच्या पाण्यावर त्यांनी अंजिराची दोन झाडं वाढवली होती. एकाची फळं जांभळी होत, दुसऱ्याची हिरवीच राहत. एका धुकट सकाळी ते कुऱ्हाड घेऊन आले. “हे काही पिकून नाई राह्यलं.” परस झाडताना त्याचं गळलेलं एक फळ मी चाखलं होतं. “मामाजी, तोडू नका, ते हिरवंच पिकते,” मी बोलून गेले. त्यांनी एक मऊ फळ उकललं. आत लालबुंद, मधाळ. अर्धं खाल्लं, अर्धं माझ्या हातावर ठेवलं. “पोरी, आधी काऊन नाई सांगतलं?” आता माझ्याही घरी सून आली आहे, तिच्याशी पहिला शब्द मीच बोलले, लाजत लाजत.