साल, साखर आणि सासूबाई

माझ्या सासूबाईंचं नाक सांगलीत प्रसिद्ध होतं. जिन्यात उभ्या राहून त्या वरच्या मजल्यावरच्या आमटीत गूळ पडायचा राहिलाय हे सांगत, आणि वरच्या बाईंना ते कळवूनही येत. असं नाक घेऊन त्या ऐन थंडीत कोलकात्याला आमच्याकडे आल्या. सासरे गेल्यापासून त्या एकट्या राहत होत्या आणि त्यांनी आता कायमचं इथेच राहावं, असं बायकोच्या मनात होतं. सासूबाईंच्या मनात ते अजिबात नव्हतं. “माझं घर आहे, माझा गॅस आहे, माझी कुलपं आहेत,” असं त्या रोज एकदा म्हणत आणि परतीच्या तिकिटाची तारीख मोठ्याने वाचून दाखवत.

बायको बँकेत. तिची बदली झाली म्हणून आम्ही या शहरात आलो. माझं काम बहुतेक घरून चालतं, त्यामुळे स्वयंपाकघर माझ्याकडे आलं. जावई पोळ्या लाटतो हे सासूबाईंनी बघितलं त्या दिवशी त्या जेवल्या, पण माहेरच्या कुणाला तरी फोनवर सांगताना आवाज असा खाली केला की मला वाटलं घरात कुणी आजारी आहे.

पोळ्यांचं त्यांनी कसंबसं पचवलं. सालीचं मात्र पचेना.

इथे गंधराज नावाचं लिंबू मिळतं. लांबट, जाड कातड्याचं, आणि रस म्हणाल तर नावाला. त्याची सगळी किंमत हिरव्या सालीत. हे कळायला मराठी माणसाला वेळ लागतो, कारण लिंबू दिसलं की आपला हात पिळायलाच जातो. पहिल्या वर्षी मीही ते पोह्यांवर पिळलं, रस निघाला नाही म्हणून लिंबाला नावं ठेवली आणि साल केरात टाकली. ही लिंबं मला ऑफिसातल्या एकाने स्वतःच्या परसातून, जवळच्या बजबज गावाहून लोकलने आणून दिली होती. मी काय केलं ते ऐकून तो दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरतं बोलला.

मग मी सुधारलो, आणि सुधारलेला माणूस फार वाईट. मी बारीक किसणी आणली आणि कशाबरोबर काय जातं याचं ज्ञान पाजळू लागलो. साल मुगाच्या वरणाबरोबर जाते, पण गॅस बंद केल्यावर. फोडणीत टाकली की कडू. ओल्या नारळाशी तिचं जमतं, दह्याशी जमतं, मिरीशी तर फारच जमतं. हिंगापुढे तिचं काही चालत नाही. आणि वेलचीबरोबर ती कधीच घालू नये, कारण ते म्हणजे एका घरात दोन सासवा. हे शेवटचं मी सासूबाईंसमोरच बोललो होतो.

“लिंबू पिळायचं असतं, किसायचं नसतं,” त्या म्हणाल्या. “उद्या केळ्याची सालही किसाल.”

चार महिने हे युद्ध चाललं. मी वरण वाढलं की त्या चमच्याने हिरवे कण शोधून ताटाच्या कडेला रांगेत लावत. मी काही सांगू लागलो की त्या बायकोकडे बघून म्हणत, “यांना लहानपणी घरी जेवायला देत होते ना?” बायको ऑफिसातून दमून आलेली असे. ती दोघांच्याही बाजूने मान हलवायची आणि जेवून घ्यायची.

वैशाख आला. अक्षय तृतीयेला श्रीखंड करायचं ठरलं आणि त्यानंतरच्या मंगळवारी सासूबाईंची गाडी होती. जाण्याआधी एकदा तरी त्यांना हरवायचंच, असं मी ठरवलं.

श्रीखंडाबद्दल त्यांचा कायदा कडक होता. केशर नाही, कारण केशर घालणारे चक्क्यातला दोष झाकतात. फक्त वेलची. मी होय म्हणालो आणि एका छोट्या पातेल्यात वेलची न घालता वेगळं श्रीखंड केलं. गंधराजाची साल अगदी वरवर किसली, खालचा पांढरा पापुद्रा येऊ दिला नाही, कारण तो आला की सगळं कडू. ती साखरेत घालून बोटांनी चोळत बसलो. साखर ओलसर आणि हिरवट झाली आणि वास असा सुटला की समोरच्या घरातल्या वहिनींनी दार उघडून विचारलं, आज काय आहे. ती साखर चक्क्यात फेटली आणि त्याचीच वाटी भरून सासूबाईंच्या ताटात ठेवली.

माझा बेत साधा होता. त्या एक घास घेतील, नाक मुरडतील, मला चार शब्द सुनावतील, आणि वाटी मात्र रिकामी करतील. त्या रिकाम्या वाटीकडे मी नुसतं बघणार होतो. त्यांच्या प्रत्येक संभाव्य वाक्याला मी उत्तर तयार ठेवलं होतं.

त्यांनी घास घेतला. जिभेवर घोळवला. डोळे मिटले, अगदी जुन्या परीक्षकाच्या थाटात. मग म्हणाल्या, “बरं झालंय. वेलची जरा जास्त झाली.”

हे वाक्य माझ्या यादीत नव्हतं. बायको आपली वेलचीची वाटी नाकाशी नेऊन हसणार एवढ्यात तिचा फोन वाजला आणि ती गॅलरीत गेली. मी सासूबाईंकडे बघत राहिलो. त्या शांतपणे जेवत होत्या.

मग मला एकेक आठवायला लागलं. मागच्या आठवड्यात दूध करपून पातेलं काळं झालं होतं आणि त्या शेजारीच वर्तमानपत्र वाचत बसल्या होत्या. मी ओरडल्यावर म्हणाल्या, जप चालला होता. आमटीला त्या नावं ठेवायच्या ती नेहमी रंग बघून. साल त्यांनी कधी वासावरून ओळखलीच नव्हती, त्या कण शोधत होत्या. आणि साखरेत चोळल्यावर कण दिसत नाहीत. मला घाम फुटला, आणि तो वैशाखाचा नव्हता. मंगळवारी ही बाई एकटीच्या घरी, आपल्या गॅसपाशी आणि आपल्या कुलपांपाशी परत निघाली होती.

“आई,” मी म्हणालो, “त्यात वेलची नाही.”

त्यांचा चमचा थांबला. मग गॅलरीकडे बघून हळूच म्हणाल्या, “दोन वर्षं झाली. सर्दी झाली होती. सर्दी गेली, वास काही परत आला नाही.”

“आणि सांगलीला गॅस राहिला उघडा, तर?”

“पोरीला सांगणार का तुम्ही?”

“तुम्ही मंगळवारच्या गाडीत बसलात तर सांगणार.”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की वाटलं, श्रीखंडाची वाटी आता माझ्या अंगावर येणार. त्या हरल्या होत्या. मला काडीचाही आनंद झाला नाही.

बायको आत आली. सासूबाईंनी पाठ ताठ केली आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “हे बघ, ते तिकीट रद्द कर. तुझ्या नवऱ्याच्या हाती तुझं पोट सोडून जायला माझं मन घेत नाही. श्रीखंडातसुद्धा साल घातली मेल्याने. मला काय कळत नाही?”

बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने आईला मिठी मारली आणि मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आता तरी तू ते बंद कर. तिला त्रास होतो.” मी बरं म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

त्यालाही आता वर्ष होईल. पोरीला वेळ बघून सांगेन, असं सासूबाई म्हणाल्या होत्या; ती वेळ अजून आलेली नाही, आणि गॅसपाशी मी असतो. बायको घरी असली की त्या जेवताना काहीतरी जास्त झाल्याचं जाहीर करतात आणि मी पुढच्या वेळी कमी घालतो म्हणतो. ती ऑफिसला गेली की मला हाक येते, “जावईबापू, हे दूध नासलंय का बघा.” मी वास घेतो आणि सांगतो. त्या ऐकून घेतात, आभार वगैरे मानत नाहीत.

परवा बायको ऑफिसात असताना मी लिंबू किसत होतो. त्या ओट्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. किसणीवरची साल चिमटीत घेतली, नाकापाशी धरली, खाली ठेवली.

“कसा येतो हो वास?”

मी तोंड उघडलं. लिंबासारखा, म्हणालो, पण तसा नाही. जरा फुलासारखा. म्हणजे, फुलासारखाही नाही. थोडा हिरवा. मी किसणीच पुन्हा नाकाशी नेली.

त्या वाट बघत राहिल्या. मग पदराला हात पुसत म्हणाल्या, “वर्षभर एवढी बडबड केलीत त्या सालीवर. मला वाटलं, तुम्हाला तरी वास येत असेल.”