रंगनाथ पेंटरचा नऊ

पेठ रोडला आरटीओच्या फाटकासमोर रंगनाथ पेंटर एका लाकडी खोक्यावर बसायचा. खोक्यात इनॅमलचे दोन डबे, एक काळा आणि एक पांढरा, चार ब्रश आणि रॉकेलची चिंधी. गाड्यांच्या नंबरप्लेटा रंगवणं हा त्याचा धंदा. बाकीचे पेंटर गणपती काढायचे, ट्रकच्या मागे मोर काढायचे, निवडणुकीत भिंती रंगवायचे. रंगनाथ फक्त आकडे काढायचा. प्लेटवरची दोनचार सोडली तर अक्षरांशी त्याचं फारसं जमलं नाही. अक्षरं काहीतरी म्हणतात आणि मग त्यावरून भांडणं होतात, असं त्याचं म्हणणं होतं. आकडा गप्प असतो.

त्यातही त्याचा जीव मराठी आकड्यांवर. एक काढताना तो श्वास रोखायचा, वरची गाठ वळवून खाली शेपूट सोडायचा आणि मगच श्वास घ्यायचा. कायद्याने नंबरप्लेट इंग्रजीत लागते हे त्याला माहीत होतं. ज्या फाटकातून हा कायदा अमलात यायचा, त्याच फाटकासमोर तो वीस वर्षं बसला होता. पण हौशी लोक मराठी आकडे मागायचे आणि हा द्यायचा. शहाण्णव साली त्याने रंगवलेला एक टेम्पो परराज्यातल्या कुठल्याशा नाक्यावर अडकला. तिथल्या माणसाने प्लेटवरचे सगळे एक नऊ म्हणून वाचले आणि कागदाशी नंबर जुळेना. मालक परत येऊन खोक्यासमोर उभा राहिला आणि तोंडाला येईल ते बोलला. रंगनाथने ऐकून घेतलं. शेवटी एवढंच म्हणाला, "त्याला वाचता येत नाही, यात माझ्या एकाची काय चूक?"

त्या दिवसापासून फाटकासमोर ही थट्टा झाली. कुणी किती वाजले विचारलं की चहावाला म्हणायचा, "एक वाजला. परराज्यात नऊ."

मग रेडियम आलं. ओम नावाच्या पोराने समोरच्या गाळ्यात कॉम्प्युटर आणि स्टिकर कापायचं यंत्र आणलं. पाच मिनिटांत नंबर कापून चिकटवून मोकळा. वाळायची वाट नाही, पाऊस आला म्हणून पळापळ नाही. ओम स्वभावाने वाईट नव्हता; रोज सकाळी "काका, चहा घ्या" म्हणायचा. रंगनाथ चहा घ्यायचा. तेवढ्या वेळात दोन गिऱ्हाइकं ओमकडे व्हायची.

दोन हजार तीनच्या पावसाळ्यापर्यंत रंगनाथकडे हक्काचं एकच गिऱ्हाईक उरलं होतं, सायखेड्याचा पुंजाराम. त्याचे भाजीपाल्याचे तीस टेम्पो होते, आणि दर दिवाळीला सगळ्यांच्या प्लेटा नव्याने रंगवायच्या हा त्याच्या वडिलांपासूनचा शिरस्ता. पण त्या वर्षी तो खोक्यासमोर जीप थांबवून, न उतरताच म्हणाला, "रंगनाथ, मला इथं यायला येळ नाय. फोन घे एखादा, दिवाळीच्या आधी लावीन. लागला तर तू ये ब्रश घेऊन. नाय लागला तर हे रेडियमवालं पोरगं हायेच समोर. त्याचा फोन कवाबी लागतो."

रंगनाथने ही गोष्ट घरी सांगितली. त्याची बायको कुसाबाई गजरे करून विकायची. दोऱ्याला गाठ मारत ती म्हणाली, "मग घ्या की फोन. वीस वर्षं दुसऱ्यांचे नंबर काढले. एक सोताचा काढा."

आता हँडसेट घेणं काही सोपं नव्हतं. पण योग जुळल्यासारखा वाटला. रंगनाथचा पुतण्या शेखर विलायतेत एका बेकरीत कामाला होता. त्याने ओळखीच्या माणसाबरोबर आपला जुना मोबाईल पाठवून दिला. इनकमिंग फुकट झाल्याची बातमीही त्याच सुमाराला आली. म्हणजे ज्याला गरज तो बोलेल आणि तोच भरेल. आपण नुसतं कानाला लावायचं. रंगनाथला हा आयुष्यात भेटलेला पहिला न्याय्य व्यवहार वाटला.

त्याने सिमकार्ड घेतलं. नंबर इतका देखणा निघाला की दुकानातच त्याने तो हातावर लिहून घेतला. त्यात चार एक होते. मोबाईल चार्जिंगला लावला, आणि तो भरेपर्यंत बसून काय करायचं म्हणून सायकल काढून बाहेर पडला. संध्याकाळपर्यंत त्याने नऊ ठिकाणी नंबर रंगवला. पुढच्या तीन दिवसांत चाळीस झाली. आडगाव नाक्यावरचं बंद रसवंतीगृह, देवळालीकडे जाणाऱ्या रस्त्यावरची एक कुंपणभिंत, ओळखीच्या टेम्पोंचे मागचे फाळके, पुंजारामच्या रोजच्या वाटेवरची, सायखेड्याच्या पुलाअलीकडची विहिरीची भिंत. 'नंबरप्लेट' हा शब्द बारीक आणि खाली दहा आकडे वीतभर उंचीचे. मराठीत, अर्थात.

चौथ्या दिवशी त्याने सिम मोबाईलमध्ये घातलं.

पडद्यावर इंग्रजीत दोन ओळी आल्या. नवरा-बायको मोबाईल घेऊन शेजारच्या वत्सलाबाईंकडे गेले. या निवृत्त शिक्षिका. गल्लीतला लँडलाईन त्यांच्याकडेच. चष्मा लावून त्यांनी वाचलं आणि म्हणाल्या, "हा फोन विलायतेतल्या कंपनीने बांधून ठेवलाय हो. त्यांचंच सिम घेतो. दुसरं चालवायचं तर आठ आकड्यांचा कोड टाका म्हणतोय. पाच वेळा चुकलात तर कायमचा बंद."

"म्हंजे माणूस इथं आला, पण मन तिकडंच," कुसाबाई म्हणाली. "आमच्या माहेरी एक भावजय होती अशी."

कोड अर्थातच कुणालाच माहीत नव्हता. पण घरात एक बंद पडलेली वस्तू असताना तिला हात न लावता बसणं कुणाला जमतं? पहिल्यांदा रंगनाथने स्वतःच्या नव्या नंबरातले पहिले आठ आकडे टाकून पाहिले. दुसऱ्यांदा कुसाबाईने एकपासून आठपर्यंत सरळ. तिसरी खेप कुणी घालवली हे शेवटपर्यंत ठरलं नाही. दोघंही एकमेकांकडे बोट दाखवायचे. वत्सलाबाईंनी मग मोबाईल काढून घेतला आणि कपाटात कुलपात ठेवला. "दोन संधी राहिल्यात," त्या म्हणाल्या. "आता जाणकाराच्या हातानंच काय ते व्हायचं."

शेखरने तिकडच्या कंपनीला अर्ज केला. महिना गेला, दुसरा लागला. पुंजारामच्या फोनची वेळ जवळ येत चालली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी वत्सलाबाईंच्या घरी शेखरचा फोन आला. वत्सलाबाईंचे हात पिठात होते, म्हणून रंगनाथनेच उचलला. तसंही, आकडे लिहून घ्यायचे तर रंगनाथने नाही तर कुणी?

"काका, कोड मिळाला. पण नीट इंग्रजीत लिहा बरं! मोबाईलवर सगळे इंग्रजी आकडे असतात. तुमचं ते मराठी नको. गेल्या वेळी पाकिटावर पत्ता तसला लिहिलात, पत्र महिनाभर फिरत होतं."

रंगनाथने पेनाचं टोपण काढलं. मग म्हणाला, "सांग. इंग्रजीतच लिहितो."

आणि त्याने खरंच लिहिले. धंद्याबाहेर, स्वतःसाठी, उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच. तीन, नऊ, शून्य, दोन, तीन, शून्य, नऊ, दोन. जाड कागदावर, काळ्या शाईने, अंतर मोजून. नऊच्या डोक्याला हात सवयीने वळला आणि तिथे एक सुबक गाठ पडली. कागद लांब धरून त्याने पाहिला. वाईट नव्हता.

देवळाली कॅम्पच्या बाजारात जीवन नावाचा मोबाईल दुरुस्त करणारा होता. परदेशी ड्यूटीवरून आलेले जवान असे बांधलेले फोन घेऊन यायचे, त्यामुळे त्याला त्यातलं कळायचं. मूळचा पंचवटीचा, त्याच्या वडिलांच्या स्कूटरची प्लेट रंगनाथनेच रंगवलेली. त्यामुळे मान होता. त्याने स्टूल पुसून दिलं.

"काका, कोड आहे ना? मग काम झालंच समजा. दोन मिनिटं."

रंगनाथने कागद दिला. जीवनने तो पाहिला आणि हसला. "तुमचं अक्षर कुठंही ओळखू येतं बघा."

रंगनाथला बरं वाटलं. जीवनने पटापट आठ आकडे दाबले. पडद्यावर आकड्यांऐवजी आठ चांदण्या उमटल्या. त्याने बटण दाबलं. मोबाईलने नकार दिला.

"बोट घसरलं बहुतेक," जीवन म्हणाला. या वेळी त्याने कागद काउंटरवर सपाट ठेवला, बोट ठेवून एकेक आकडा पाहिला आणि सावकाश दाबला. रंगनाथ चांदण्या मोजत होता. आठ झाल्या. बटण दाबलं. मोबाईलने एक लांब आवाज काढला आणि पडद्यावर कुलपाचं चित्र आलं. ते मग गेलं नाही.

जीवनने कपाळाचा घाम पुसला. "चुकीचा कोड दिला हो तुम्हाला त्यांनी. मी बरोबर टाकला. बघा ना. तीन, एक, शून्य, दोन, तीन..."

"एक?" रंगनाथ म्हणाला.

"हो, एक."

"कुठंय एक?"

जीवनने बोट ठेवलं. रंगनाथने त्या बोटाखालच्या आकड्याकडे पाहिलं.

"नऊ आहे तो."

"नऊ? काका, मराठी एक आहे हा. तुमचाच आहे."

"इंग्रजी नऊ आहे. इंग्रजीत लिहिलंय मी."

"तुम्ही?" जीवन म्हणाला. "इंग्रजीत?"

दोघं कागदाकडे बघत राहिले. तीन दोन्हीकडे सारखाच, दोन सारखाच, शून्याला तर भाषाच नाही. कोडमध्ये एखादा पाच असता, सात असता, तरी जीवनला शंका आली असती. पण विलायतेतल्या त्या यंत्राने कोट्यवधी कोडांतून नेमका असा निवडला होता, की तो कुठल्या लिपीत आहे हे फक्त लिहिणाऱ्यालाच कळावं. आणि लिहिणारा काउंटरच्या या बाजूला बसून चांदण्या मोजत होता.

"आता उपाय?" रंगनाथने विचारलं.

"पाचवी चूक झाली की या मॉडेलला आता कंपनीसुद्धा उघडत नाही," जीवन म्हणाला. मग रंगनाथचं सिम काढून त्याने स्वतःच्या मोबाईलमध्ये घालून पाहिलं. नेटवर्कचे दांडे पूर्ण भरले. "सिम मात्र एकदम चांगलं आहे हो तुमचं," तो म्हणाला. त्याला खरंच काहीतरी चांगलं सांगायचं होतं.

घरी कुसाबाईने सगळं ऐकून घेतलं. "एवढी वर्षं सांगत होते, लोकांना कळंल असं लिहा," ती म्हणाली. "लिहिलंत, तर तेबी अशा वेळी." मग तिने ताट वाढलं.

दिवाळीच्या आधी पुंजारामने फोन केला असणार. कारण वसुबारसेला सायखेड्याचे टेम्पो रांगेने ओमच्या गाळ्यासमोर उभे राहिले. तीस प्लेटांना एक दुपार पुरली. पुंजारामने जीपमधूनच हात केला. "लय येळा लावला रे. बंद सांगते बाई." रंगनाथनेही हात केला. तो मोबाईल त्याने खोक्यात ठेवला होता; कागद वाऱ्याने उडू नयेत म्हणून उपयोगी पडायचा.

रिचार्ज न केल्याने काही महिन्यांनी सिम मेलं. चाळीस भिंतींवर आणि फाळक्यांवर नंबर मात्र टवटवीत होता. इनॅमल चांगलं वापरलं होतं.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात एकदा आडगाव नाक्याच्या रसवंतीसमोर थांबला असताना रंगनाथला काय वाटलं कोण जाणे, त्याने शेजारच्या एक रुपयाच्या फोनच्या डब्यावरून स्वतःचाच नंबर फिरवला. बंद असल्याचं सांगणाऱ्या बाईचा आवाज एकदा ऐकावा, एवढंच.

घंटी वाजली.

"हॅलो, नंबरप्लेट," पलीकडचा माणूस म्हणाला. "बोला, कोणती गाडी?"

आवाज ओळखीचा होता. रोज सकाळी चहाला बोलावणारा.

"ओम, मी रंगनाथ."

पलीकडे स्टिकर कापायच्या यंत्राचा आवाज थांबला. मग ओम म्हणाला, "काका, मी सांगणारच होतो तुम्हाला. गावभर हा नंबर दिसायचा आणि लागायचा नाही. बंदच पडलाय म्हटल्यावर सिमवाल्याला सांगून मागून घेतला. वाया कशाला घालवायचा?"

"बरोबर आहे," रंगनाथ म्हणाला.

"बरं झालं फोन केलात. एक काम होतं तुमच्याकडे. लोक त्या एकाचे नऊ वाचतात हो. अर्धे फोन कुठल्या तरी बाईंना जातात, गंगापूर रोडच्या. त्या शिव्या देतात म्हणे. सगळीकडे इंग्रजीत करून द्याल का? भिंतीवर रेडियम टिकत नाही. आणि तुमच्यासारखा हात इथं कुणाचा आहे?"

डब्यात रुपया संपल्याची टिकटिक सुरू झाली.

"देतो," रंगनाथ म्हणाला.

काम बारा दिवस चाललं. आधी पांढऱ्याने जुने आकडे बुजवायचे, वाळू द्यायचे, सुताला खडू लावून रेघ मारायची, मग काळ्याने नवे. शेवटची राहिली ती सायखेड्याच्या पुलाअलीकडची विहिरीची भिंत. तिथे भर दुपारी, डोक्यावर ओला टॉवेल टाकून, त्याने पहिला आकडा काढला. नऊ. गाठ नाही, शेपटीला वळण नाही, छापल्यासारखा सरळ. मागे सरकून त्याने तो पाहिला. रस्त्याने जाणाऱ्या एका सायकलवाल्याला थांबवून विचारलं, "हा काय आहे?"

"नऊ," तो म्हणाला. "का हो?"

"काही नाही," रंगनाथ म्हणाला, आणि पुढचा आकडा काढायला वळला.